मरापीच्या पायथ्याशी तुमचं नाव

समस्त नातेवाईक, शेजारीपाजारी, पोस्टमन, दूधवाला आणि लेस्टर शहरातील तमाम मान्यवर यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, जोगळेकर कुटुंबातील 'घरजावई' हे पद गेल्या महिन्यात अचानक रिक्त झाले आहे. सदर पद पुन्हा भरले जाणार नाही. इच्छुकांनी अर्ज करू नयेत. कामाचे स्वरूप कळल्यावर कुणी करेल असेही वाटत नाही.

भाऊजी, हसलात की नाही? तुम्ही हसायचात तेव्हा आवाज यायचा नाही, फक्त खांदे हलायचे. मी ब्रिस्टलहून फोन करून असलं काहीतरी नाटकी बोलायचे आणि पलीकडे शांतता पसरली, की मला कळायचं, खांदे हलतायत. आता शांतता आहे तशीच आहे. खांद्यांचं काय ते कळायला मार्ग नाही.

तुम्ही मिरजेहून आमच्या घरी आलात तेव्हा मी शाळेत होते. अण्णांना दोन मुली, मुलगा नाही. ताईचं लग्न ठरवताना त्यांनी एकच अट घातली होती, जावयानं लेस्टरला येऊन आमच्याच घरात राहायचं. बाकी सगळी स्थळं पळाली. तुम्ही एक सूटकेस आणि हार्मोनियम घेऊन आलात. हार्मोनियम माळ्यावर गेली, कारण अण्णांना दुपारी झोप लागायची. ती पुन्हा खाली आल्याचं मला आठवत नाही.

घराचे कागद अण्णांच्या नावावर, दारावरची पाटी अण्णांची, फोनबुकात नाव अण्णांचं. त्यामुळं पहिल्याच आठवड्यात पोस्टमननं तुम्हाला विचारलं, 'मिस्टर जॉग?' आणि तुम्ही सभ्यपणे पार्सल घेतलंत. झालं! गल्लीचे तुम्ही मिस्टर जॉग झालात. गुजराती शेजाऱ्यांचे जोगलेकरभाई झालात. देवळात जोगळेकरांचे जावई, घरात 'अहो', माझे भाऊजी. दिनकर मोघे या नावाचा एक इसम हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नमुन्यांवर सह्या करायचा म्हणे, पण त्याला आम्ही घरी कधी पाहिलं नाही.

आणि मी? मी हा किस्सा पार्टीत सांगायचे. लेस्टरमध्ये, कॉव्हेंट्रीत, महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात! 'आमच्या भाऊजींनी लग्नानंतर नाव बदललं!' माझा हुकमी हशा होता तो. तुम्ही तिथंच बसलेले असायचात, कागदी प्लेटमधला भात चिवडत, खांदे हलवत.

एर्नानं बोलावलं नसतं तर तो हशा असाच चालू राहिला असता. तुमच्या लॅबच्या वरच्या मजल्यावरची नर्स एर्ना. ती इंडोनेशियाची एवढंच आम्हाला ठाऊक होतं. 'इंडोनेशियाची नाही, मिनांगकबाऊ,' असं तिनं तुम्हाला ठणकावून सांगितलं होतं. म्हणजे पश्चिम सुमात्राच्या डोंगराळ मुलखातली. तिच्या भाचीचं लग्न होतं आणि तिनं तुम्हाला सहकुटुंब आमंत्रण दिलं. ताईला प्रवासाची हौस, मला फुकट तमाशाची. निघालो तिघं.

पाडांग शहर सोडून गाडी घाट चढायला लागली तशी ताई खिडकीला चिकटून बसली आणि तुम्ही तिच्या पर्समधून आल्याच्या वड्या काढून एकेक करून तिच्या हातात ठेवत होतात. रस्त्याच्या कडेला, अगदी बसथांबा असावा तितक्या जवळ, एक अख्खा धबधबा कोसळत होता. वर पोचलो तर थंडी! मला वाटलं होतं विषुववृत्तावर घाम गाळत फिरावं लागणार, आणि तुम्ही चक्क लेस्टरचा स्वेटर चढवलात. समोर मरापीचा ज्वालामुखी, डोक्यावर धुराची बारीक शेंडी. खाली पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. टपरीवर कॉफीच्या पानांचा काढा करवंटीतून मिळाला. बिया नाहीत, पानं! तुम्ही एक घोट घेऊन म्हणालात, 'आपला आल्याचा काढा बरा.' आणि आणखी एक करवंटी मागवलीत.

आणि ती घरं. लांबलचक लाकडी घरं, त्यांची छपरं दोन्ही टोकांना आकाशात उसळलेली, म्हशीच्या शिंगांसारखी. एर्नानं गोष्ट सांगितली. जावाच्या राजानं लढाईऐवजी रेड्यांची झुंज लावायचं ठरवलं आणि एक अजस्र रेडा आणला. यांनी काय केलं, एक दूधपितं रेडकू दोन दिवस उपाशी ठेवलं, त्याच्या नाकाला लोखंडी टोक बांधलं आणि सोडून दिलं. ते बिचारं त्या धटिंगणाला आई समजून दूध शोधत पोटाखाली घुसलं. रेडा गेला, राज्य वाचलं. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, 'रेडकाला आई हवी होती. बाकीचं राजकारण लोकांचं.' त्या वेळी मला वाटलं, काय हा माणूस, चांगल्या गोष्टीचा विचका करतो.

एर्नाचं घर बातुसांगकारच्या पलीकडच्या गावात होतं. तिचं म्हणजे खरोखर तिचं. आईकडून मुलीकडे, मुलीकडून तिच्या मुलीकडे. जमीन तशीच, भातखाचरं तशीच. माणसं मुसलमान, पाच वेळा नमाजाला जाणारी, आणि कुळ मात्र आईचं. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो.

मला अजून आठवतंय, मी त्या ओसरीवर उभी राहून दोन्ही हात पसरले होते. 'भाऊजी! घरजावयांचा देश! तुमची राजधानी सापडली हो!' ताई म्हणाली, 'बेबी, गप्प बस, लोक बघतायत.' तुम्ही मात्र आत बघत होतात. लांबच्या लांब दिवाणखाना आणि मागच्या भिंतीला ओळीनं खोल्या, प्रत्येक लेकीला एक. तुम्ही एर्नाला विचारलंत, 'मग पुरुषांची खोली कुठली?'

'त्यांना नसते.'

'म्हातारपणी?'

एर्ना म्हणाली, 'बायको असेपर्यंत इथं. मग मशिदीत झोपायची सोय असते. किंवा बहीण बोलावते. बहिणीच्या घरी त्याचा मान असतो, मामा म्हणून.'

त्यांच्याकडेही मामाच, भाऊजी! शब्दसुद्धा जवळपास तोच, मामाक. भाच्यांची लग्नं, भाच्यांचे तंटे, सगळं तोच बघतो. तुम्हाला बहीण नव्हती. मला हे त्या वेळी सुचलंच नाही. मी तेव्हा फणसाच्या भाजीच्या वासाकडं निघाले होते.

लग्नात नवरदेवाला आणायला मुलीकडचे गेले, पितळी पात्रात विड्याची पानं घेऊन. वाजतगाजत त्याला सासरी घेऊन आले. बायकांच्या डोक्यावर शिंगांच्या आकाराची जरीची वस्त्रं, हातात कासंडीसारखी वाद्यं, टणटण टणटण. ताई पदर खोचून त्यांच्यात कधी मिसळली कळलंच नाही. नवरदेव गावातला मोटारसायकली दुरुस्त करणारा पोरगा, घामानं डबडबलेला. मग कुणीतरी उभं राहून मोठ्यानं काहीतरी पुकारलं आणि सगळे त्याला एका नव्याच नावानं हाक मारायला लागले. सुतान मराजो.

आपल्याकडे नवरीचं नाव ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहितात. तिथं नाव नवऱ्याला मिळतं. एर्नानं समजावलं, लहानपणी माणसाला नाव असतं, मोठेपणी पदवी. ती पदवी त्याच्या आईच्या कुळातून येते, आणि सासरच्यांनी त्याला त्याच पदवीनं हाक मारायची. नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे अपमान, आणि पदवी विसरणं तर त्याहून वाईट. तो आपलं घर सोडून तुमच्याकडे आलाय, तर त्याच्याबरोबर त्याच्या आईचं घर आलंय, हे लक्षात ठेवायचं.

'सासूसुद्धा?' ताईनं विचारलं.

'सासू तर सगळ्यात आधी.'

जेवणं झाल्यावर एर्नाचा मामा, ज्याला कुळाचा म्होरक्या म्हणून सगळे दातुक म्हणत होते, आमच्याजवळ येऊन बसला. काळी टोपी, आणि नजर माणूस तोलणारी. एर्ना दुभाषी. त्यानं तुमच्याकडं बोट करून विचारलं, 'यांची पदवी काय?'

तुम्ही म्हणालात, 'नाही.'

'मग सासरी काय म्हणतात?'

आणि भाऊजी, मी पुढं सरसावले. समोर नवे श्रोते, मी कशी राहणार! मी पोस्टमनची नक्कल केली, 'मिस्टर जॉग?' मी तुमची नक्कल केली, सभ्यपणे पार्सल घेणारी. मी गल्लीची, देवळाची, तुमच्या सासऱ्यांची, सगळ्यांची नक्कल केली. एर्ना एकेक वाक्य भाषांतर करत होती आणि तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. शेवटी मी हात पसरून हशाची वाट बघत थांबले.

कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला.

दातुकनं तुम्हाला विचारलं, 'तुमच्या आईच्या माणसांना हे माहीत आहे का?'

तुम्ही स्वेटरची बाही खाली ओढलीत. मग म्हणालात, 'आई होती तोवर तिला कळू दिलं नाही. ती पत्रं माझ्या नावानं टाकायची. मी पोस्टमनला गाठून घ्यायचो, परत जाऊ नयेत म्हणून.'

ताईनं तुमच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिलाही हे ठाऊक नव्हतं.

दातुकनं ते पितळी पात्र ओढून तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही विडा उचललात. त्यानं विचारलं, 'आईनं ठेवलेलं नाव काय?' तुम्ही सांगितलंत. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, शाळेत गुरुजींना सांगावं तसं ताठ बसून. त्यानं ते दोनतीनदा घोळवून पाहिलं आणि मग ओसरीकडं तोंड करून मोठ्यानं पुकारलं. मोटारसायकलवाल्या सुतानला पुकारलं होतं तसंच.

पुढं जितके दिवस तिथं होतो तितके दिवस गावभर तुम्ही 'पाक दिनकर', म्हणजे आपले दिनकरराव. चहावाल्याचे, लाकूड फोडणाऱ्याचे, त्या तोंडावर हात ठेवणाऱ्या म्हातारीचेसुद्धा. आणि तुमची गंमत अशी, की हाक आली की तुम्ही मागं वळून बघायचात, कुणाला बोलावतायत म्हणून. परत यायच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही वळला नाहीत. सरळ 'ओ' दिलीत. मी पाहिलं. मी काही बोलले नाही, आणि माझ्या बाबतीत हे किती दुर्मीळ आहे हे तुम्ही जाणताच.

मग लेस्टर. टॅक्सीतून बॅगा उतरवल्या. पाऊस, कचरागाडी येऊन गेलेली, रिकामे डबे फुटपाथवर आडवे. तुम्ही पुढं गेलात, खिशातून किल्ली काढलीत, तिच्याकडं बघितलंत आणि बेल वाजवलीत.

ती तुमची जुनी सवय. स्वतःच्या घराची किल्ली खिशात असून तुम्ही कायम बेल वाजवायचात. 'घरात माणसं असतात, एकदम कसं शिरायचं?' अण्णा-आई गेल्यानंतरही वाजवायचात. ताई आतून ओरडायची, 'किल्ली आहे ना?' आणि तरी उघडायला यायची.

त्या दिवशी ताई तुमच्या मागंच उभी होती. म्हणाली, 'अहो, आपण तिघंही बाहेरच आहोत. आत आहे कोण उघडायला?'

आपण किती हसलो! तुमचे खांदे, ताईचे खांदे, मी तर बॅगेवर बसले. आता मला वाटतं, त्या दाराशी आपण तिघांनी हसण्याऐवजी काहीतरी वेगळं करायला हवं होतं. काय, ते मला अजून सांगता येत नाही. पाटी बदलायला एक स्क्रूड्रायव्हर पुरला असता. तो तुमच्याकडं होता, सगळ्या साइझचा. पण तुम्ही त्या घरात कुणाला न विचारता एक खिळा ठोकला नाहीत, पाटी कुठून काढणार!

मग सुरू झाला आपला हिवाळी वाद. मी जाहीर केलं, येत्या जूनमध्ये वाढदिवसाला आपण भाऊजींना पदवी द्यायची. हॉल घ्यायचा, विड्याची पानं बेलग्रेव्ह रोडवर मिळतातच, पुकारायला मी आहेच. प्रश्न एवढाच की पदवी कुठली. मी दर रविवारी फोनवर नवी सुचवायचे. सुतान बॉयलरराव. श्रीमंत गटारमोकळेकर. पार्किंगभूषण. तुम्ही सगळ्या फेटाळल्यात.

'बाईसाहेब, पदवी आईच्या घरून यावी लागते. तू कोण देणारी?'

'मी सासरची वकील!'

'सासरच्यांनी फक्त हाक मारायची असते.'

'मग कशी हाक मारू, तेच तर विचारतेय!'

'जाऊ दे.'

'"जाऊ दे" ही पदवी चालणार नाही, भाऊजी! सुतान जाऊदे!'

खांदे हलले असावेत. शांतता होती. तो आपला शेवटचा रविवार.

मी ते संभाषण रोज उलटसुलट करून बघते. 'सासरच्यांनी फक्त हाक मारायची असते.' तुम्ही उत्तर दिलं होतंत, माझ्या हातात ठेवलं होतंत, ताईच्या हातात आल्याची वडी ठेवायचात तसं. आणि मी पुढचा विनोद शोधत होते. जून फार लांब नव्हता असं मला वाटत होतं. एक हॉल, एक माईक, मग मी काय ती हाक मारणार होते, दणदणीत, पडदा उघडताना मारतात तशी. साध्या फोनवर मारायचं सुचलं नाही. साधं काही मला सुचत नाही, हा माझा पिंड.

आणखी एक राहिलं. ते तर मी विनोदातसुद्धा कधी आणलं नाही, इतकं ते खरं आहे. मी ब्रिस्टलला गेले, कारखान्यात विमानाच्या पंखांची ड्रॉइंग्ज काढत बसले, रात्री नाटकाच्या तालमी केल्या, दोनदा प्रेमात पडले, एकदा लग्न केलं. माझ्या मैत्रिणी आईवडिलांसाठी दर शुक्रवारी मोटरवेवर असायच्या. मी नसायचे. अण्णांना शेवटी उचलून अंघोळ घालावी लागायची, आणि अण्णा कसले, पाणी गरम म्हणून ओरडणारे, गार म्हणून ओरडणारे. तुम्ही त्यांचे केस विंचरून त्यांना खिडकीत बसवायचात आणि मला फोन लावून द्यायचात. अण्णा म्हणायचे, 'बेबी, इथं सगळं झकास आहे.' मी म्हणायचे, 'वा!' तुमचे आभार मानायचं कधी मनातच आलं नाही. जावयाचे कसले आभार, तो तर घरचाच, असं आम्ही म्हणायचो. आणि तुम्ही बेल वाजवत होतात.

रागही आहे बरं का थोडा. तुम्ही एकदा तरी ओरडायला हवं होतं. एकदा तरी पोस्टमनला म्हणायचं, 'नो, आय ॲम मोघे.' हार्मोनियम खाली आणायची, अण्णांची झोप गेली उडत! इतकं सभ्य असू नये माणसानं. मागं राहिलेल्यांची पंचाईत होते. भांडायला काही सापडत नाही आणि माफी मागायला समोर कुणी नसतं.

आता शेवटचं, तुमच्या निरोपाचं सांगते. तुम्ही स्वतः हजर असूनही तुम्हाला ते दिसलं नसणार.

क्रिमेटोरियमचा हॉल भरला होता, भाऊजी. लॅबमधली माणसं, देवळातली माणसं, सगळी गल्ली. एर्ना पहिल्या रांगेत, ताईचा हात धरून. फोटो नंतर स्क्रीनवर दाखवायचे होते. मी भाषण लिहून आणलं होतं, दोन ठिकाणी हशा धरून. तिसऱ्या रांगेत आपल्या शेजारच्या हंसाबेन, मूळच्या घाटकोपरच्या, म्हणून मराठी येतं याचा त्यांना केवढा अभिमान. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तुम्ही त्यांना घेऊन गेला होतात, त्यांच्या दारातला बर्फ तुमच्याच फावड्यानं निघायचा, आणि तुम्ही गेल्याचं कळल्यापासून त्यांच्या घरात चूल पेटली नव्हती असं त्यांची सून सांगत होती. रडून रडून डोळे सुजले होते त्यांचे.

क्रिमेटोरियमचा सुटातला गृहस्थ माईकशी आला. त्यानं घसा साफ केला आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात तुमचं नाव घेतलं. दिनकर मोघे. लेस्टरच्या भरल्या सभेत, पहिल्यांदा.

हंसाबेन ताडकन उठल्या, पर्स छातीशी धरली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हाय हाय, हे तर कोणतरी दुसरेच भाई हाय! मी राँग फ्युनरलमध्ये आली!"